हत्तीचा गुडघा

कुडतरीहून आलं हे चित्र, जुन्या चादरीत गुंडाळून.
दोना एर्मेलिंदाच्या दिवाणखान्यात चार पिढ्या टांगलेलं.
"घोडे तेवढे नीट कर," ती म्हणाली,
"जानेवारीत नातीचं लग्न आहे.
हत्तींचं एवढं काही नाही."

रायबंदरला माझ्या टेबलावर ते पडून आहे आता,
तांब्याच्या पत्र्यावरून उमटलेलं, चार-साडेचारशे वर्षांचं:
कुठल्याशा रोमन सेनापतीची
आफ्रिकेतली कुठलीशी लढाई.

कसरीने आधी सेनापती खाल्ला.
चेहरा, मग हात, मग हातातली काठी.
गरुडाचं निशाण अर्धं ठेवलं.
डावीकडच्या हत्तीचं तर म्हणीबरहुकूम झालंय:
हत्ती गेला, शेपूट राहिलं.
कसरीला प्रतीकं कळत नाहीत.
तिला खळ कळते.

कोरणाऱ्याने हत्ती पाहिला नव्हता,
हे समजायला भिंग लागत नाही.
कान शिंपल्यांचे, सोंड कर्ण्याची,
डोळे एखाद्या थकलेल्या वकिलाचे.
आणि पाय म्हणजे चार खांब, सांध्याशिवाय.
कुठल्यातरी पोथीत त्याने वाचलं असणार
की हत्तीला गुडघाच नसतो,
झाडाला टेकून उभ्याउभ्या झोपतो तो,
झाड आधी करवतून ठेवलं की झाडासकट कोसळतो.
ते झाडही आहे कोपऱ्यात, निम्मं कापलेलं.
म्हणजे राजांचा गर्व.
मोडेन पण वाकणार नाही, हे आपण
छाती काढून म्हणतो;
त्याने ते शत्रूच्या बाजूला उभं केलंय,
पाठीवर बुरूज देऊन.

सिंह जिंकणाऱ्यांचा, पण ढालीवरच.
(आमचा कदंबांचा सिंह निदान
बसवर बसून वाळपईपर्यंत जातो.)
कुत्रा म्हणजे इमान, मेलेल्या धन्याच्या मांडीवर पंजा.
घोडा म्हणजे, मला वाटतं, घोडाच.
त्याला कोरणाऱ्याने रोज पाहिलं होतं,
म्हणून सगळ्या चित्रात
एकटा तोच घाबरलेला आहे.

आमच्या गावच्या केळबाईपाशी दोन हत्ती आहेत, दगडातले.
देवीच्या डोक्यावर पाणी ओततात
किती शतकं, कुणी मोजलं नाही.
त्यांना कुणी अर्थ विचारत नाही.
बायका तेल घालतात, घरी जातात.

मंगळवारी हणखण्याहून सगुणमामाचा फोन.
"हत्ती येवन गेलो गो."
केळी बावीस. माड एक.
माड कसा पाडला, मी विचारलं.
"कसो म्हणजे? बसलो गुडघ्यार,
कपाळ लायलां, आनी दिलो लोटून."
चिखलात खूण राहिलीय, सुपाएवढी.
तिच्यात पाणी साचलंय, पाण्यात एक बेडूक.
वनखात्याचा माणूस टेप घेऊन आला होता;
पावलासाठी त्याच्या फॉर्मात रकाना होता,
गुडघ्यासाठी नव्हता.
मामा भरपाईबद्दल बोलत राहिला
आणि मी, लाज वाटते सांगायला,
बावीस केळींचं काहीच ऐकलं नाही.

उजवीकडच्या हत्तीच्या पुढच्या पायात भोक आहे,
बरोबर मधोमध.
नियम असा की भोक कागदाने बुजवायचं, रेषेने नाही.
जे गेलं ते गेलेलं दिसलं पाहिजे.
पेन्सिल मी खणात ठेवली, खण लावला,
मग पुन्हा उघडला, मग लावला.
पातळ कागद फाडला. कातरायचा नसतो,
फाडला की त्याचे तंतू हात पुढे करतात.
खळ, ब्रश, टीपकागद, वर काच,
काचेवर नदीतला एक गुळगुळीत धोंडा.

सकाळी काच उचलली तर
ठिगळावर एक आडवी सुरकुती.
ओली करून सपाट करता आली असती.
रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी सुटल्याचा भोंगा झाला,
कुणीतरी जिन्यात चपला वाजवत गेलं,
आणि मी ती तशीच ठेवली.

दुपारी दोना एर्मेलिंदाचा फोन.
"घोडे झाले?"
घोडे झाले, मी म्हटलं.